मार्मोलादा (डोलोमाइट्स, इटली): ट्रेक, स्की आणि बर्फातल्या युद्धाच्या खुणा

रानवारा

डोलोमाइट्सवर इथे आधी धागे आलेत, पण बहुतेकांचा रोख त्रे चिमे, ब्रायेसचा तलाव आणि सेचेदा यांवर. मार्मोलादाचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं: "डोलोमाइट्समधलं सर्वांत उंच शिखर, केबलकारने वर जाता येतं, फोटो छान येतात." मी वेरोनाला राहतो, या डोंगरावर उन्हाळ्या-हिवाळ्यात जाणं होतं आणि दरवेळी वाटतं की आपल्या लोकांना याबद्दल नीट सांगायला हवं. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव आणि प्रश्न इथेच टाका, म्हणजे सगळी माहिती एका जागी राहील.

आधी भूगोल. सर्वांत उंच टोक पुंता पेनिया, ३३४३ मीटर. त्याच्या पूर्वेला पुंता रोक्का, ३३०९ मीटर. उत्तर उताराला हिमनदी, दक्षिणेला जवळजवळ सरळसोट कातळकडा, काही ठिकाणी ८०० मीटरहून जास्त. डोलोमाइट्समध्ये असूनही हा डोंगर मुख्यतः चुनखडीचा आहे, डोलोमाइट खडकाचा नाही. २००९ साली युनेस्कोने डोलोमाइट्सना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात मार्मोलादाचाही समावेश आहे. उत्तरेला पायथ्याशी फेदाइया खिंड (२०५७ मीटर) आणि तिथला धरणाचा तलाव, पूर्वेला मालगा च्यापेला हे गाव. केबलकार इथूनच सुटते.

मालगा च्यापेला १४५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा खाली. तिथून केबलकारचे तीन टप्पे तुम्हाला पुंता रोक्काच्या गच्चीवर, ३२६५ मीटरवर नेऊन सोडतात. प्रत्यक्ष प्रवास पंधरा मिनिटांच्या आतला. इतक्या झटपट एवढी उंची गाठल्यावर पहिल्या जिन्यातच धाप लागते, तेव्हा वर पोचल्यावर पळापळ करू नका.

आता मुख्य मुद्दा. नव्वद टक्के लोक थेट गच्ची गाठतात, फोटो काढतात, कॉफी घेतात आणि खाली येतात. मधलं स्टेशन आहे सेराउता, सुमारे २९५० मीटरवर. तिथे उतरा. पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय तिथे आहे आणि केबलकारच्या तिकिटातच ते बघता येतं. या डोंगरावर काय घडलं ते कळल्यावर वरच्या गच्चीतून दिसणारा तोच देखावा वेगळा दिसतो, म्हणून आधी सेराउता आणि मग गच्ची.

१९१५च्या मे महिन्यात इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं. सरहद्द याच डोंगरावरून जात होती. पलीकडचं फास्साचं खोरं आणि लिव्हिनालोंगो ऑस्ट्रियाकडे, इकडचं रोक्का पिएतोरे इटलीकडे. ऑस्ट्रियाची नियमित फौज त्या वेळी गॅलिशियात रशियनांशी लढण्यात गुंतलेली होती. त्यामुळे सुरुवातीला या खिंडी सांभाळल्या त्या गावातल्या उरलेल्या माणसांनी: लष्करात घेतलं नव्हतं अशी कोवळी पोरं आणि वय उलटून गेलेले म्हातारे. त्यांना श्टांडशुट्झन म्हणत. स्वतःच्याच कुरणांवर बंदुका घेऊन बसलेली माणसं ही. समोर इटलीचे आल्पिनी, म्हणजे डोंगरी लढाईसाठीचे सैनिक, तेही डोंगरातलेच.

१९१६पर्यंत इटालियन फौजेने सेराउताचा कातळ काबीज केला. तिथून खाली हिमनदीवर हलणारं काहीही त्यांना टिपता येत होतं. ऑस्ट्रियन ठाणी हिमनदीच्या पलीकडे वर होती आणि त्यांना रसद पोचवायची तर उघड्या बर्फावरूनच जावं लागे. यावर लेओ हांडल नावाच्या अभियंत्याने उपाय काढला: बर्फाच्या आतूनच जायचं. आधी नैसर्गिक भेगांमधून वाट काढली, मग भेगा जोडणारे बोगदे खोदले, आणि बघता बघता हिमनदीच्या पोटात एक वसाहत उभी राहिली. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कोठारं, दवाखाना, प्रार्थनेची जागा. बोगद्यांची एकूण लांबी सुमारे १२ किलोमीटर सांगतात. बाहेर उणे तीस, आत शून्याच्या आसपास, वारा नाही, गोळी नाही. पण हिमनदी सतत सरकत असते. खोदलेला बोगदा हळूहळू आवळत जाई, वाकडा होई, आणि तो परत परत तासून रुंद करावा लागे. युद्ध संपल्यावर ते तासणं थांबलं आणि बर्फाने सगळं मिटवून टाकलं.

संग्रहालयात हांडलच्या त्या बर्फातल्या शहराच्या प्रतिकृती आणि नकाशे आहेत, पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो तो साध्या वस्तूंपाशी. गवताचे विणलेले जाड ओव्हरशूज आहेत. पहाऱ्यावरचा शिपाई ते बुटावर चढवत असे. त्यांची वीण अजून घट्ट आहे आणि टाचेकडे घासलेलं दिसतं. पाय गोठू नयेत म्हणून १९१६ साली हाताशी होतं ते हे, गवत.

उन्हाळ्यात स्टेशनबाहेरच्या कातळातले खंदक, पायऱ्या आणि बोगदे पाहता येतात. खडकात कोरलेल्या अरुंद जागा आहेत, वाकून जावं लागतं. जवळच 'व्ही'च्या आकाराची एक खाच आहे, फोर्चेल्ला व्हू. तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या दिशेने बोगदे खोदले. सप्टेंबर १९१७मध्ये ऑस्ट्रियनांनी सुरुंग उडवला आणि लेफ्टनंट फ्लाव्हिओ रोस्सो आणि त्याचे जवान आतच गाडले गेले. ते आजही तिथेच आहेत. त्यानंतर दीड महिन्यातच कापोरेत्तोच्या पराभवामुळे इटालियन फौजेला ही सगळी आघाडी सोडून मागे जावं लागलं. दोन वर्षं ज्या कातळासाठी माणसं मेली तो एका आदेशाने रिकामा झाला.

ट्रेक आणि स्कीबद्दल खाली प्रतिसादांत लिहितो, नाहीतर इथेच धागा संपेल.

---

मुक्काम_म्युनिक

खूप दिवसांनी इथे काहीतरी भरघोस वाचायला मिळालं. सेराउताला उतरा, याला माझंही जोरदार अनुमोदन.

स्कीबद्दल मी लिहितो, रानवारा यांनी परवानगी दिली आहे असं धरून. आम्ही म्युनिकहून ब्रेनर खिंडीमार्गे गाडीने जातो. वाहतूक नसेल तर साडेचार-पाच तास, शनिवारी सकाळी निघालात तर वेळेचं काही सांगता येत नाही.

पुंता रोक्कापासून मालगा च्यापेलापर्यंत खाली येणारी उतरंड म्हणजे ला बेल्लुनेझे. १२ किलोमीटर लांब, १८०० मीटरचा उतार. दर्जा लाल, म्हणजे मध्यम, पण वरचा भाग हिमनदीवर आहे, वारा असतो आणि सकाळी बर्फ कडक असतो. ज्यांनी गुलमर्गला किंवा औलीला आठवडाभर स्की केलं आहे त्यांनी पहिल्याच दिवशी इथे येऊ नये. आधी आल्ता बादियाकडे जा. कोर्वारा, सान कास्सियानो या भागातले उतार रुंद आणि सौम्य आहेत, शिकायला त्याहून चांगली जागा या परिसरात नाही. अराब्बा उलट तीव्र आहे.

थोडा हात बसला की सेल्लारोंदा. सेल्ला या डोंगराभोवती चार खिंडी ओलांडत पूर्ण फेरी: सेल्ला, पोर्दोई, काम्पोलोंगो, गार्देना. घड्याळाच्या दिशेने जायचं तर नारिंगी खुणा, उलट दिशेने हिरव्या. लिफ्ट धरून चाळीसेक किलोमीटर. सकाळी दहाच्या आत सुरुवात करा आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास शेवटची खिंड ओलांडलेली असू द्या. लिफ्ट बंद झाल्या आणि तुम्ही डोंगराच्या चुकीच्या बाजूला राहिलात तर टॅक्सीला बरेच युरो जातात. सेल्लारोंदा करताना अराब्बाहून एक फाटा घेऊन मार्मोलादालाही जाता येतं, पण एकाच दिवसात दोन्ही करायची घाई नको.

पास डोलोमिती सुपरस्कीचा. १२ भाग, १२०० किलोमीटर पिस्त (स्कीसाठी तयार केलेले उतार), एकच पास. इटलीत स्की करताना दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा विमा २०२२पासून सक्तीचा आहे. पास घेतानाच तो विमा घेता येतो. हेल्मेटही आता सगळ्यांना सक्तीचं, मोठ्यांनासुद्धा.

आणि धाग्याच्या विषयाला धरून: स्कीवरून करायची एक 'महायुद्धाची फेरी' आहे. कोल दी लाना या डोंगराभोवती साधारण ८० किलोमीटर, लिफ्ट आणि मधल्या बसेस धरून. मार्मोलादा, चिव्हेत्ता, पेल्मो, चिंक्वे तोर्री, लागाझुओई असं सगळं एका दिवसात दिसतं. दमछाक होते, पण वाटेत आघाडी कुठून कुठे जात होती ते पायाखालून कळतं.

---

निसर्गवेडी_ठाणे

रानवारा, सुंदर लिहिलं आहे. गवताच्या बुटांपाशी मी पण थांबले वाचताना.

एक प्रश्न. आम्ही जूनच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये जायचं ठरवतोय. बरोबर आईबाबा असतील, दोघंही सत्तरीच्या आसपास, बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे. केबलकार त्यांना झेपेल का? आणि मला स्वतःला एक तरी दिवसभराचा ट्रेक करायचा आहे, पण दोर-बिर लावून नाही. सह्याद्रीत हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड असं बरंच झालंय.

---

रानवारा

निसर्गवेडी ताई, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडा. जूनअखेरीला उंचावरच्या वाटांवर बऱ्याचदा बर्फ शिल्लक असतो. ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर असते, तो टाळाच.

बाबांच्या बाबतीत आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ३२६५ मीटर हा आकडा सांगून विचारा. त्यांनी हो म्हटलं तरी आधी एक-दोन रात्री कानाझेई किंवा अराब्बाला मुक्काम करा, दोन्ही गावं साधारण १५००-१६०० मीटरवर आहेत. सेराउताला उतरल्यावर संग्रहालयात बसत बसत तास घालवा आणि त्यांना बरं वाटत असेल तरच पुढचा टप्पा घ्या. पुंता रोक्कापाशी खडकातल्या गुहेत मारियाची मूर्ती आहे. पोप जॉन पॉल दुसरे २६ ऑगस्ट १९७९ला स्वतः वर येऊन तिला आशीर्वाद देऊन गेले. गच्ची थंड असते, सप्टेंबरातसुद्धा शून्याखाली जाऊ शकतं. कानटोपी, हातमोजे, गॉगल आईबाबांसाठीही घ्या.

तुमच्यासाठी ट्रेक: व्हिएल देल पान, वाट क्रमांक ६०१. पोर्दोई खिंडीपासून (२२३९ मीटर) चालायला लागायचं, पादोनच्या धारेखालून आडवं आडवं जायचं आणि फेदाइयाच्या तलावावर उतरायचं. साधारण तीन तास चाल, पण तुम्हाला पाच लागतील कारण दर शंभर पावलांवर थांबावंसं वाटतं. उजवीकडे दरीपलीकडे मार्मोलादाची अख्खी उत्तर बाजू, हिमनदीसकट, सतत समोर. राजगड केलेल्या माणसाला ही वाट सोपी आहे. तुम्ही चालता ती पादोनची धार ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची, तिच्यावर गुडघाभर गवत, आणि समोर पांढराशुभ्र चुनखडीचा डोंगर. काळ्या मातीची पायवाट बघून सह्याद्रीतल्या माणसाला घरचं वाटतं. वाटेत रिफुजिओ (डोंगरातली मुक्कामाची-जेवणाची घरं) आहेत, जेवणाची सोय होते. फेदाइयाहून परत यायला हंगामात बस असते, वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा.

ज्यांना गर्दी नको त्यांनी दक्षिणेला जा. मालगा च्यापेलाहून ओम्ब्रेत्ताच्या खोऱ्यात फालिएर हे रिफुजिओ आहे, २०७४ मीटर, दोनेक तासांची चढण. तिथे व्हरांड्यात बसलं की दक्षिणकडा पूर्ण समोर उभा. १ जुलै १९०१ रोजी बिएट्रिस टॉमसन या इंग्रज बाईंनी मिकेले बेत्तेगा आणि बोर्तोलो झागोनेल या वाटाड्यांसोबत तो कडा पहिल्यांदा चढून दाखवला. त्या काळचे घोळदार कपडे, तागाचे दोर आणि हा कडा! खाली उभं राहून बघितल्याशिवाय त्यांनी काय केलं हे उमगत नाही.

---

घाटवाटा

पुंता पेनियावर प्रत्यक्ष चढाईचं काय? आम्ही चौघं आहोत, हिमालयात बेसिक कोर्स झालेले. २०२२च्या दुर्घटनेनंतर वाट बंद केली होती असं ऐकलं.

---

रानवारा

घाटवाटा, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय जिवाचा आहे.

पुंता पेनियावर पहिली चढाई २८ सप्टेंबर १८६४ची, व्हिएन्नाचे पाउल ग्रोहमान आणि आंजेलो व फुल्जेंझिओ दिमाई हे वाटाडे. ते हिमनदीवरून गेले. १९०३मध्ये पश्चिम धारेवर लोखंडी खुंट्या आणि दोर लावले गेले. आज आपण ज्याला व्हिया फेराता म्हणतो त्या प्रकारातल्या डोलोमाइट्समधल्या अगदी सुरुवातीच्या वाटांपैकी ही एक.

३ जुलै २०२२, रविवार, दुपार. पुंता रोक्काखालचा हिमनदीचा एक मोठा तुकडा तुटला, सुमारे ६४ हजार घनमीटर बर्फ. तो खालच्या वाटेवर असलेल्या गिर्यारोहकांवर कोसळला आणि ११ जण गेले. आदल्या दिवशी शिखरावर १० अंश तापमान नोंदलं होतं. वितळलेलं पाणी भेगेत साठलं, त्याने बर्फाला मागून आणि खालून रेटलं, आणि तुकडा खडकापासून सुटला. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, वाट नेहमीची होती, लोकांत अनुभवी वाटाडेही होते. म्हणजे "आम्ही अनुभवी आहोत" याला इथे फारसा अर्थ उरत नाही.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: जायचं तर स्थानिक परवानाधारक वाटाड्याबरोबर, पहाटे लवकर, आणि तो "आज नको" म्हणाला तर त्याच दिवशी बेत बदलायचा. रात्री शिखरावर तापमान शून्याखाली उतरलेलं नसेल तर हिमनदीवर पाय ठेवायचा नाही. कोणत्या वाटा खुल्या आहेत हे हंगामागणिक बदलतं, कानाझेईच्या किंवा रोक्का पिएतोरेच्या पर्यटन कार्यालयात आदल्या दिवशी विचारा. अपघात झाल्यास ११२. हेलिकॉप्टरने सुटका करणारा विमा भारतातूनच घेऊन निघा आणि त्यात 'गिर्यारोहण' वगळलेलं नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून बघा.

---

सुभेदार_निवृत्त

मी सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितो.

सियाचेनला मी राहिलो आहे. तिथेही शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, उंचीने आणि हिमस्खलनाने जास्त जवान घेतले. रानवारा, तुम्ही त्या गवताच्या बुटांबद्दल लिहिलं ते वाचून हातातलं काम ठेवलं. पाय कोरडे ठेवणं हेच तिथे निम्मं सोल्जरिंग. आमच्याकडे त्या मानाने सगळं होतं, तरी पहाऱ्यावरून आल्यावर पहिलं काम मोजे उतरवून बोटं चोळणं.

मार्मोलादावर हिमस्खलनं झाली असतील ना? त्याबद्दल कोणी लिहील का?

---

रानवारा

काका, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वजन आलं. मनापासून आभार.

हो. १३ डिसेंबर १९१६, सेंट लुसियाचा दिवस. हिमनदीखाली ग्रान पोझ नावाच्या जागी ऑस्ट्रियन फौजेच्या लाकडी बराकी होत्या. जागा इटालियन तोफांपासून सुरक्षित म्हणून निवडलेली, कड्याच्या आडोशाला. पण वर डोंगराचा अख्खा उतार. तिथला कॅप्टन रुडॉल्फ श्मिड याने उन्हाळ्यातच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की या जागी हिवाळ्यात धोका आहे, बराकी हलवू द्या. परवानगी मिळाली नाही. त्या डिसेंबरात न थांबता बर्फ पडला, मग अचानक हवा उबदार झाली. पहाटे माणसं झोपेत असताना वरचा बर्फ सुटला. सुमारे २७० माणसं गेली. अनेकांचे देह वसंतात बर्फ वितळल्यावरच हाती लागले, काहींचे कधीच नाही.

त्याच दिवसांत या आघाडीवर दोन्ही बाजूंना अशी आणखी हिमस्खलनं झाली.

पोर्दोई खिंडीजवळ रस्त्यापासून थोडं आत एक गोल दगडी स्मारक आहे. हजारो ऑस्ट्रियन-हंगेरियन सैनिक तिथे एकत्र विसावले आहेत. व्हिएल देल पानचा ट्रेक जिथून सुरू होतो त्याच्याजवळच. निसर्गवेडी ताई, अर्धा तास राखून ठेवा.

---

चहाटळ_नाही

लेख उत्तम. पण एक वेगळा सूर लावतो. जिथे एवढी माणसं मेली तिथे स्की, केबलकार, कॉफी, सेल्फी हे मला पटत नाही. आणि हिमनदी वितळते आहे म्हणून रडायचं आणि तिच्यावरच लिफ्ट चालवायच्या, हे कसं?

---

मुक्काम_म्युनिक

दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत आहे, स्की करत असूनही. शंभर वर्षांत ही हिमनदी ८० टक्क्यांहून जास्त आटली आहे आणि २०४०च्या आसपास ती हिमनदी म्हणून उरणार नाही असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पिस्तवरचा बर्फही मोठ्या प्रमाणात बर्फ फवारणाऱ्या यंत्रांनी बनवलेला असतो, त्याला पाणी आणि वीज लागते. मी गेली काही वर्षं कमी दिवस जातो आणि शक्य तेव्हा रेल्वेने बोल्झानोपर्यंत, पुढे बसने. माझ्यापुरता मी एवढा मार्ग काढला आहे.

पहिल्या मुद्द्याशी नाही. या खोऱ्यातली लादिन भाषा बोलणारी माणसं युद्धाआधी गरीब होती, युद्धात त्यांची घरं जळाली, नंतर देश बदलला. आज त्यांची पोरं डोंगर सोडून मिलानला जात नाहीत याचं कारण लिफ्ट, हॉटेलं आणि रिफुजिओ हेच आहे.

---

रानवारा

चहाटळ_नाही, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मीही यावर पुष्कळ विचार केला आहे. संग्रहालय केबलकारमुळेच लोकांपर्यंत पोचतं. नाहीतर सेराउताच्या कातळावर मोजके गिर्यारोहक सोडून कोण जाणार होतं? शाळेच्या सहली तिथे येतात. इटालियन मुलं काचेपलीकडे ऑस्ट्रियन सैनिकाचं पत्र वाचताना मी पाहिली आहेत. मला तो डोंगराचा उत्तम उपयोग वाटतो. आक्षेप माझा फक्त मधलं स्टेशन ओलांडून जाणाऱ्यांवर आहे, म्हणून तर धागा काढला.

बर्फाचं म्हणाल तर, वितळताना तो युद्धाच्या वस्तू बाहेर टाकतो. फळ्या, काटेरी तार, काडतुसं, क्वचित माणसांचे अवशेष. उन्हाळ्यात हिमनदीच्या कडेने चालताना लाकडाचा तुकडा दिसला तर तो हांडलच्या शहराचा असू शकतो. काहीही उचलू नका. दारूगोळा अजून जिवंत असू शकतो, आणि बाकीच्या वस्तू नेणं कायद्याने गुन्हा आहे. दिसलं तर जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि जवळच्या रिफुजिओत सांगा.

---

भटकी_अन्नपूर्णा

शाकाहारी मंडळींसाठी, कारण हा प्रश्न येणारच आहे. रिफुजिओत उपाशी राहायची वेळ येत नाही. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, वर मशरूम किंवा चीज. कासुन्झिएई म्हणजे बीट भरलेली पास्त्याची अर्धचंद्री, वर लोणी आणि खसखस. आपल्याला खसखशीची चव ओळखीची, त्यामुळे माझ्या सासूबाईंनाही ती फार आवडली. कानेदेर्ली हे पावाचे मुटके, पण त्यांत बऱ्याचदा स्पेक म्हणजे डुकराचं मांस असतं, पालकाचे किंवा चीजचे मागा. "सेन्झा कार्ने, सेन्झा स्पेक" एवढं पाठ करा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर सूप मांसाच्या पाण्यातलं येऊ शकतं. शेवटी सफरचंदाचा श्ट्रुडेल घ्याच.

रिफुजिओत मुक्काम करणार असाल तर आधी आरक्षण, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून घ्या. चादरीची शिवलेली पिशवी स्वतःची लागते. बूट दारातच काढायचे, आत घालायला सपाता ठेवलेल्या असतात. रात्री दहाला दिवे बंद. रोख पैसे बाळगा, वर कार्डाचं यंत्र कधी कधी रुसतं.

---

सुभेदार_निवृत्त

रानवारा, मुलगा मिलानला बदलून गेला आहे. सप्टेंबरात मी आणि सौ. जातो आहोत. सेराउताला उतरणार. इटलीत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान दुसऱ्या महायुद्धात लढले, ते ठिकाण मार्मोलादाच्या जवळ आहे का?

---

रानवारा

काका, जवळ नाही, पण एका प्रवासात जमेल. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रियातल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक आहे, २०२३मध्ये झालं. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवरून आणून परत ठाण्यांवर गेले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आणि ते वाचले. सेनिओ आणि फोर्ली हा भाग बोलोन्याच्या पूर्वेला आहे. फोर्लीला भारतीय सैनिकांची युद्धदफनभूमी आहे, आणि ज्यांचं दहन झालं अशा शेकडो हिंदू-शीख जवानांची नावंही तिथे कोरलेली आहेत.

मार्ग असा धरा: मिलान, बोलोन्या, फोर्ली. मोंतोने करायचं असेल तर फोर्लीहून दक्षिणेला डोंगर ओलांडून एक मुक्काम. परत वर येताना पादोव्हा, बेल्लुनो, आगोर्दो, मालगा च्यापेला. मुलगा गाडी चालवणार असेल तर शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेऊ नका, दंडाची चिठ्ठी महिन्यांनी घरी येते. भारतीय परवाना असेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवानाही हवा.

केबलकार सप्टेंबरात साधारण मध्यापर्यंत चालते आणि मग हिवाळी हंगामापर्यंत बंद राहते. तारखा दरवर्षी बदलतात, तिकीट काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा. सकाळी पहिल्या तासात जा, दुपारी ढग येतात. तुमच्या तारखा ठरल्या की मला विपू करा, म्हणजे इथेच निरोप टाका. वीकेंड असेल तर मी वेरोनाहून येतो. सेराउताच्या खंदकांतून तुमच्याबरोबर फिरायला मला आवडेल.

---

निसर्गवेडी_ठाणे

काका, आमची तिकिटं ५ सप्टेंबरची झाली आहेत. जमलं तर आपण सगळे एकत्रच भेटू. रानवारा, कानाझेईला स्वयंपाकघर असलेलं घर कुठे बघावं? बाबांना पहाटे स्वतःचा चहा लागतो.